मोजणारा कुणाचा मिंधा?

करवीर तालुक्यातल्या एका ग्रामपंचायत सदस्य ताईंचा प्रश्न आहे. त्या शिवाजी विद्यापीठातून लोकप्रशासनात एम.ए. करत आहेत. त्या लिहितात: "विकसनशील देशांतला भ्रष्टाचार कमी करण्यासाठी आम्हाला लोकपाल, कडक शिक्षा, पगारवाढ, संगणकीकरण, लोकसहभाग अशी यादी शिकवतात. यातलं प्रत्यक्षात कुठे काय चाललं? आणि आमच्यासारख्यांनी गावपातळीवर त्यातलं काय उचलावं?"

ताई, आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. माझी सगळी नोकरी स्थानिक निधी लेखा परीक्षेत गेली. ग्रामपंचायती, पंचायत समित्या, नगरपालिका यांची दप्तरं तपासली. त्यामुळे नीतिमत्तेपेक्षा मला मोजमाप पुस्तिकेची, आपण जिला एमबी म्हणतो तिची, भाषा जास्त कळते. माणूस सज्जन आहे की लबाड हे दप्तरात उमटत नाही. खडीचा थर किती सेंटिमीटर लिहिला आणि तो कुणाच्या सहीने, हे उमटतं. त्या सहीवाल्याची बदली कुणाच्या शब्दावर होते हे दप्तराबाहेर चहाच्या टपरीवर कळतं.

तुमच्या यादीतली प्रत्येक गोष्ट कुठेतरी चालली आहे आणि कुठेतरी सपशेल पडली आहे. का चालली, का पडली हे पाहताना मी दोन गोष्टी तपासतो. काम, माल किंवा पैसा मोजणारा माणूस ज्याचं मोजायचं त्याचाच मिंधा आहे का? आणि मोजलेला आकडा, ज्याचं नुकसान होतंय त्याच्यापर्यंत, त्याला कळेल अशा रूपात पोचतो का? या दोन्ही जागा नीट असतील तर मध्यम दर्जाचा कायदाही काम करतो. नसतील तर कितीही कडक कायदा कपाटात राहतो.

आपल्याकडे ऊस उत्पादकाला हे शिकवावं लागत नाही. काटा कारखान्याचा, काट्यावरचा माणूस कारखान्याच्या पगारावर, आणि वजनाची पावतीही तिथलीच. सगळे कारखाने काटा मारतात असं मी म्हणत नाही, पण शंका येण्याची सोय त्या रचनेतच आहे. म्हणून 'काट्यावर प्रामाणिक माणूस नेमा' असली मागणी इथल्या शेतकरी संघटनांनी केली नाही. त्यांनी म्हटलं, बाहेरच्या काट्यावर वजन करून आणलेली गाडी नाकारू नका. धोरणाच्या पुस्तकात जे अनेक पानं घेतं ते या एका मागणीत आहे. भरारी पथकं हंगामात फिरतात, पण पथक येऊन जातं आणि काटा वर्षभर तिथेच असतो.

हाच धडा गुजरातमध्ये फार नीट तपासला गेला. तिथे कारखान्यांच्या प्रदूषणाची तपासणी खासगी ऑडिटर करत. ऑडिटर निवडायचा कारखान्याने आणि फी द्यायचीही कारखान्याने. निकाल असा की बहुतेक अहवालांतले आकडे ठरलेल्या मर्यादेच्या किंचित खाली गर्दी करून बसलेले. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थतज्ज्ञांनी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाबरोबर 2009 ते 2011 या काळात अहमदाबाद आणि सुरत भागात एक प्रयोग केला. काही कारखान्यांसाठी ऑडिटर चिठ्ठी टाकून नेमले, फी एका सामायिक निधीतून ठरावीक दराने दिली, आणि काही ठिकाणी दुसऱ्या पथकाने जाऊन तेच माप पुन्हा घेतलं. पूर्वीचेच ऑडिटर एकाएकी खरे आकडे लिहू लागले. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं. माणसं बदलली नव्हती, त्यांना फी देणारा हात बदलला होता.

आता आपल्या रस्त्यांच्या कामांतलं त्रयस्थ तांत्रिक परीक्षण बघा. कागदावर ते फार छान दिसतं. पण मी पाहिलेल्या बऱ्याच फायलींत परीक्षण करणारी संस्था सुचवतो कंत्राटदार, शुल्क भरतो कंत्राटदार, आणि नमुने कुठून काढायचे हेही कंत्राटदाराचाच माणूस दाखवतो. अहवाल समाधानकारक न येता तरच नवल. त्याला त्रयस्थ म्हणण्याचं धाडस मला होत नाही. यावर उपाय महाग नाही. जिल्ह्यातल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांची यादी करा, काम संपल्यावर चिठ्ठीने नाव काढा, शुल्क जिल्हा पातळीवरच्या एका निधीतून द्या, आणि दहातल्या एका कामाचं माप दुसऱ्या प्रयोगशाळेकडून पुन्हा घ्या. यासाठी नवा कायदा लागत नाही, शासन निर्णय पुरतो. तरीही तो होत नाही, यातूनच तो उपाय कुणाला टोचतो ते समजा.

रस्त्यांचाच विषय निघाला आहे तर इंडोनेशियाचं उदाहरण जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या यादीतल्या 'लोकसहभाग' या शब्दाची खरी परीक्षा तिथे झाली. बेंजामिन ओल्केन या अर्थतज्ज्ञाने 600 हून अधिक गावांतले रस्ते निवडले. काम झाल्यावर अभियंत्यांनी रस्ता खणून कोअर, म्हणजे थरांचे नमुने, काढले, खडी-वाळू किती वापरली ते मोजलं, बाजारभाव काढला आणि गावाने दाखवलेल्या खर्चाशी ताडून पाहिलं. काही गावांना आधीच सांगितलं होतं की सरकारी लेखा परीक्षण नक्की होणार आणि त्याचा अहवाल गावसभेत वाचला जाणार. एरवी ही शक्यता जेमतेम 4 टक्के असायची. नक्की होणार म्हटल्यावर खर्चातला गायब हिस्सा शंभर रुपयांमागे सुमारे 8 रुपयांनी घटला. दुसऱ्या काही गावांत गावकऱ्यांना हिशेबाच्या सभेची खास आमंत्रणं वाटली, तक्रारीचे निनावी कागद दिले. त्याचा सरासरी परिणाम फारसा दिसला नाही.

यावरून 'लोकसहभाग बेकार' असा निष्कर्ष काढणारे मला भेटले आहेत. तो घाईचा आहे. आमंत्रणांमुळे मजुरीतली चोरी कमी झाली, मालातली झाली नाही. कारण उघड आहे. माझी मजुरी मला मिळाली की नाही हे मला माहीत असतं. रस्त्याखाली किती खडी गेली हे सभेत बसलेल्या कुणालाच माहीत नसतं, आणि ती कमी गेली तर माझ्या एकट्याच्या खिशातून काही गेल्यासारखं वाटतही नाही. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने 1994 पासून जनसुनावण्या घेतल्या, तिथेही हेच घडलं होतं. हजेरीपत्रकं लोकांसमोर मोठ्याने वाचली आणि ज्याचं नाव पुकारलं तोच उठून म्हणाला, मी तर या कामावर गेलोच नव्हतो. माहितीच्या अधिकाराची देशव्यापी चळवळ तिथून उभी राहिली. म्हणून हजेरी, रेशन, घरकुलाचा हप्ता, शिष्यवृत्ती ही कामं लोकांसमोर वाचा. डांबर, सिमेंट, पाइपची जाडी यासाठी बाहेरचा माणूस आणि यंत्र आणा. दोन्ही कामं ग्रामसभेच्या गळ्यात घालून मोकळं होणं ही अंग काढून घेण्याची जुनी सरकारी पद्धत आहे. इंडोनेशियातल्या त्या गावांतली अजून एक गोष्ट: ऑडिट नक्की म्हटल्यावर गावप्रमुखांच्या नातेवाइकांना त्या कामांवर जास्त रोजगार मिळाला. पैसा खाणं अवघड झालं तर भाच्याला कामावर लावा. भ्रष्टाचार वाट बदलतो, तेव्हा नवी वाट कुठली हे दरवेळी पाहावं लागतं.

आमच्या खात्याचं दुखणंही इथेच सांगायला हवं. मुंबई स्थानिक निधी लेखापरीक्षा अधिनियम 1930 चा. ऑडिट होतं, आक्षेप निघतात, त्यांना परिच्छेद म्हणतात, त्यावर अनुपालन, म्हणजे आक्षेपावर काय केलं याचं उत्तर, मागवलं जातं. तोवर ग्रामसेवक बदलून गेलेला असतो, सरपंच माजी झालेला असतो, आणि ज्या ठेकेदाराकडून वसुली करायची त्याची अनामत कधीच परत गेलेली असते. विधिमंडळाची पंचायत राज समिती जिल्ह्यात येणार म्हटलं की महिनाभर अनुपालनाचे कागद रंगतात, मग पुन्हा सामसूम. ब्राझीलने 2003 पासून यावर मला आवडलेला उपाय केला. लहान-मध्यम नगरपालिकांची नावं जाहीर सोडत काढून निवडायची, पथकाने लगेच जाऊन तपासायचं आणि अहवाल सगळ्यांना खुला करायचा. 2004 च्या निवडणुकीआधी ज्यांचे अहवाल बाहेर आले त्यांतल्या भ्रष्ट ठरलेल्या महापौरांना मतदारांनी बऱ्याच प्रमाणात घरी बसवलं, आणि जिथे स्थानिक रेडिओ केंद्र होतं तिथे जास्तच. पुढच्या अभ्यासात दिसलं की एकदा तपासणी झालेल्या नगरपालिकांत नंतरचा भ्रष्टाचार सुमारे 8 टक्क्यांनी कमी होता, आणि त्याचं मुख्य कारण खटल्याची भीती हे होतं. म्हणजे नुसती बदनामी पुरत नाही, मागे कोर्ट उभं लागतं.

युगांडाचं उदाहरण तुमच्या पुस्तकात असेलच. 1991 ते 1995 या काळात शाळांसाठी निघालेल्या अनुदानातले सरासरी फक्त 13 टक्के शाळेपर्यंत पोचत होते. सरकारने प्रत्येक जिल्ह्याला किती पैसे सोडले ते वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात केली, शाळेच्या दारावर लावायला लावलं, आणि 2001 पर्यंत हे प्रमाण 80 टक्क्यांवर गेलं. परीक्षेत लिहायला उत्तम. पण त्याच काळात वित्त खात्याची कार्यपद्धत आणि कर्ज-मदत देणाऱ्यांचा दबाव हेही बदलत होतं, म्हणून सगळं श्रेय वर्तमानपत्राला देऊ नका.

आता कडक कायदा. आपल्याकडे 1988 चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा आहे आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचे सापळे आहेत. तक्रार, मग पडताळणी, मग पंचांसमोर नोटांना अँथ्रासीन पावडर, मग अतिनील दिव्याखाली चमकणारी बोटं. पेपरात दर आठवड्याला अशी बातमी असते. ही यंत्रणा वाईट नाही. पण ती कुणाला पकडू शकते ते पाहा. ज्याला नोटा स्वतःच्या हातात घ्याव्या लागतात त्याला. सातबाऱ्यावर नोंद घालणारा, दाखला देणारा, बिलावर सही करणारा कारकून. मोठी टक्केवारी नोटांच्या बंडलातून टेबलावर येतच नाही. ती निविदेच्या अटींत असते, कामाचे तुकडे पाडण्यात असते, कुणी बिलो रेट, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा कमी दर, भरायचा आणि कुणी नुसता पाठिंब्याला फॉर्म टाकायचा हे आधी ठरवणाऱ्या रिंगणात असते. 2018 च्या दुरुस्तीने ही दरी कायद्यातच रुंद केली. कलम 17अ ने अधिकाऱ्याच्या निर्णयाची चौकशी करायची तर आधी परवानगी घ्या असं म्हटलं, आणि जागेवर लाच घेताना पकडण्याला त्यातून सूट दिली. सद्हेतूने निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण हवं, हा त्यामागचा युक्तिवाद मला अगदी अमान्य नाही. घाबरून सहीच न करणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिले. पण परवानगी देणारा कोण, या प्रश्नाचं उत्तर पुन्हा मिंधेपणापाशी येतं.

त्याच दुरुस्तीने लाच देणाराही गुन्हेगार ठरला. अपवाद असा की त्याला भाग पाडलं गेलं असेल आणि त्याने सात दिवसांत तक्रार केली असेल. कौशिक बसू भारत सरकारचे मुख्य आर्थिक सल्लागार असताना त्यांनी 2011 मध्ये याच्या उलट सुचवलं होतं. आपल्या हक्काच्या कामासाठी लाच द्यावी लागली तर देणाऱ्याला मोकळं सोडा, म्हणजे तो नंतर बिनधास्त तक्रार करेल, असं त्यांचं म्हणणं. त्यावर तेव्हा मोठा गदारोळ झाला. माझं मत बसूंच्या बाजूला झुकतं. ज्या बाईचं घरकुलाचं बिल अडलंय ती सात दिवसांत कायदा वाचून तक्रार करणार, ही अपेक्षा गावात न राहिलेल्या माणसाची आहे.

स्वतंत्र संस्थांबद्दल थोडक्यात. सगळे हाँगकाँगचं नाव घेतात. तिथे पीटर गॉडबर नावाचा बडा पोलीस अधिकारी चौकशी सुरू असताना 1973 मध्ये पळाला, लोक रस्त्यावर आले, आणि 1974 मध्ये थेट गव्हर्नरला जबाबदार असा भ्रष्टाचारविरोधी आयोग आला. तपासाइतकंच कार्यपद्धती सुधारणं आणि लोकशिक्षण ही त्याची कामं होती. पण 1977 मध्ये पोलिसांनीच आयोगाच्या कार्यालयात घुसून दंगा केला आणि गव्हर्नरला त्या वर्षाच्या 1 जानेवारीपूर्वीच्या बऱ्याच गुन्ह्यांवर पडदा टाकावा लागला. हे पुस्तकात क्वचित येतं. इंडोनेशियाच्या भ्रष्टाचारविरोधी आयोगाने तर मंत्री, खासदार, राज्यपाल तुरुंगात धाडले, आणि 2019 मध्ये संसदेने कायदाच बदलून त्याचे कर्मचारी सरकारी नोकर केले, वर देखरेख मंडळ बसवलं. आपल्या महाराष्ट्राने लोकायुक्ताचा कायदा 1971 मध्येच केला, पण तो शिफारशी करणारा. संस्था निर्माण करणं सोपं असतं. ती चावायला लागली की दात उपटायला सगळे पक्ष एकत्र येतात.

पगारवाढ? घानाने 2010 मध्ये पोलिसांचे पगार जवळपास दुप्पट केले. महामार्गावर ट्रकवाल्यांकडून घेतली जाणारी लाच कमी होण्याऐवजी वाढली. याउलट छत्तीसगडने 2004 पासून रेशन दुकानं खासगी दुकानदारांकडून काढून ग्रामपंचायती, बचत गट, सहकारी संस्थांना दिली, कमिशन वाढवलं, धान्य दुकानापर्यंत सरकारी व्यवस्थेनेच पोचवलं, आणि ट्रकला पिवळा रंग दिला, म्हणजे गाडी गावात आली की सगळ्यांना दिसावी. तिथली गळती 2004-05 मधल्या निम्म्यावरून पाच वर्षांत दहा टक्क्यांच्या आसपास आली. कमिशन वाढवणं हा त्यातला एक भाग होता. ते एकटं केलं असतं तर घानासारखंच झालं असतं असं मला वाटतं.

संगणकाबद्दल आपल्याकडे भाबडेपणा फार. कर्नाटकने 2000 च्या सुमारास 'भूमी' योजनेत जमिनीचे उतारे संगणकावर आणले, आणि कागलपलीकडे निपाणीच्या शेतकऱ्याला ठरावीक शुल्कात उतारा मिळू लागला. लोकांना छापील कागद दिसला. मला त्यातला महत्त्वाचा भाग वेगळा वाटतो: फेरफाराचे अर्ज ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने निकाली काढायचे, मधला अर्ज उचलायचा नाही, ही सक्ती. लाच बहुधा रांग मोडण्यासाठीच असते. आपल्याकडे डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत घरी मिळतो, ही खरी सुधारणा आहे. पण वारसनोंद किंवा खरेदीची नोंद करताना 'त्रुटी' काढून अर्ज परत पाठवण्याची मुभा आहे, आणि दुकान आता त्या त्रुटीत हललं आहे. ई-निविदेचंही तसंच. भारतातल्या ग्रामीण रस्त्यांवरचा अभ्यास सांगतो की ई-निविदेने बाहेरचे चांगले कंत्राटदार आले, रस्त्यांचा दर्जा सुधारला, पण सरकारला पडणारी किंमत कमी झाली नाही. अर्धा फायदा हाही फायदाच, पण त्याला क्रांती म्हणू नये.

या सगळ्याच्या मुळाशी बदल्यांचा बाजार आहे. रॉबर्ट वेड या अभ्यासकाने 1982 मध्ये दक्षिण भारतातल्या कालवा खात्यावर लिहिताना दाखवलं की अभियंता जागा विकत घेतो, म्हणून त्याला ती रक्कम शेतकऱ्याकडून आणि ठेकेदाराकडून वसूल करावीच लागते. महाराष्ट्राने 2005 मध्ये बदल्यांचा कायदा केला, साधारणपणे तीन वर्षांची मुदत घातली. पण 'विशेष कारणा'साठी मुदतीआधी बदली करण्याची वाटही ठेवली. विशेष कारण म्हणजे काय हे कुणी विचारू नये. एखाद्या शाखा अभियंत्याने खरं माप लिहिलं आणि चार महिन्यांत त्याची उचलबांगडी झाली, तर त्याच्या जागी येणारा काय शिकेल? माझ्या हातात एकच सुधारणा करण्याची ताकद दिली तर मी मुदतपूर्व प्रत्येक बदलीचं कारण आणि शिफारस करणाऱ्याचं नाव संकेतस्थळावर टाकायला लावीन.

आता गावात तुम्ही काय करावं. आधी ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर तुमच्या ग्रामपंचायतीची देयकं उघडा. वित्त आयोगाच्या पैशातून कुणाला, किती आणि कधी दिलं ते तिथे दिसतं. कामांवरच्या हजेरीतली आणि वैयक्तिक लाभाची नावं ग्रामसभेत वाचून दाखवा, कुणावर आरोप न करता, फक्त नावं. दाखल्यांसाठी 2015 चा लोकसेवा हक्क अधिनियम वापरा. दंड 500 ते 5000 रुपये, म्हणजे हसण्यासारखा, पण अर्जाची तारखेसह पोच मिळते आणि उशीर मोजता येतो. कुणाला लाच द्यावीच लागली असेल तर सात दिवसांची ती मुदत त्याला आठवणीने सांगा. लाचलुचपत विभागाचा क्रमांक 1064.

आणि बांधकामाबद्दल. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात, कलम 2 मधल्या व्याख्येतच, कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क आहे. तो वापरणारे फार थोडे आहेत, बहुतेकांना तो ठाऊकच नसतो. अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, एमबीची पानं आणि नमुना हे सगळं एकाच अर्जात मागा. बिल निघायच्या आधी मागा, कारण बिल निघाल्यावर वसुलीचा परिच्छेद लिहिण्यापलीकडे माझ्यासारख्याच्या हातात काही उरत नाही. नमुना काढताना दोन साक्षीदार ठेवा, पिशवीला सील करा, आणि तपासणीला द्यायची प्रयोगशाळा तुम्ही ठरवा. अर्जात 'साहित्याचा प्रमाणित नमुना' हे शब्द जसेच्या तसे लिहा. नुसतं 'कामाची माहिती मिळावी' लिहिलंत तर काम पूर्णत्वाच्या दाखल्याची झेरॉक्स हातात पडेल.